ख्याल शिकलेल्या गायिकेने रेक्विएमच्या आल्टोत उभं राहायचं कसं?

प्रश्न : मी गिरगावची. बारा वर्षं ख्याल शिकले, विशारद केलं. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या नादाने एका हौशी कॉयरच्या आवाज-चाचणीला गेले आणि आल्टोंमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या गटात, निवड झाली. अकरा आठवड्यांनी रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये मोझार्टचा रेक्विएम, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेचं संगीत, आहे. स्टाफ नोटेशन मला वाचता येत नाही. दुसऱ्याच तालमीत कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा आवाज मला वेगळा ऐकू येतोय." मी आधी खूश झाले, मग बाकीच्यांचे चेहरे पाहिले. त्यात सासूबाई म्हणतात, मर्तिकाचं गाणं घरात म्हणू नकोस. सोडून द्यावं का?

उत्तर :

सोडू नका. कंडक्टरचं ते वाक्य पस्तीस वर्षांपूर्वी मीही ऐकलंय. मी तर दोन दिवस ते कौतुकच समजत होते, तुम्हाला निदान त्याच संध्याकाळी कळलं.

आपल्याकडे आवाज ओळखू येणं ही गायकाला मिळणारी मोठी पावती. कॉयरमध्ये तीच तक्रार ठरते. बारा आल्टोंमधली एक जरी ओळखू आली, तरी उरलेल्या अकराजणी तिच्या साथीला बसल्यासारख्या वाटतात. पण याचा अर्थ 'आवाज दाबा' असा घेऊ नका. मी तो घेतला होता. दाबलेला आवाज सुराच्या खाली बसतो आणि मग तुम्ही ऐकू येताच, फक्त आता बेसूर म्हणून. कंडक्टरच्या म्हणण्याचा खरा अर्थ असा की शेजारणीचा आवाज तुमच्या कानावर पडत नाहीये. गाताना स्वतःच्या आवाजाइतकाच डाव्या-उजव्या बाजूचा आवाज ऐकू यायला हवा. येत नसेल, तर एक तर तुम्ही मोठ्याने गाताय, नाहीतर तोंडात त्यांच्यापेक्षा वेगळा स्वर धरलाय. तुमच्यासारख्या शिकलेल्या गळ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरं कारण निघतं.

पोवाड्यातले झीलकरी आठवा. शाहिराने ओळ सोडली की तिघे-चौघे ती अशी उचलतात की एकाच गळ्यातून आली वाटावी. त्यांतला कुणीही कच्चा गाणारा नसतो. तुम्ही बारा वर्षं शाहिराच्या जागेवर उभं राहायचं शिकलात, आता अकरा आठवडे झीलकऱ्यांत उभं राहायचंय. मोझार्टने चार एकल गायक ठेवलेत खरे, पण या कृतीत शाहिरी कॉयरकडेच आहे.

आता तोंडातल्या स्वरांकडे येऊ, कारण चाळीस-पन्नास गळे एकजीव होतात ते मुख्यतः स्वरांच्या उच्चारावर. लॅटिन आपल्याला अवघड नाही. त, द हे आपल्यासारखेच दंत्य, ए आणि ओ आपल्यासारखेच सरळ, र जिभेवर फिरणारा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना जे महिनाभर घोटावं लागतं ते मराठी माणसाला आयतं मिळतं. आपण अडकतो तो अ आणि आ यांच्यात. 'रेक्विएम एतेर्नाम' यातला शेवटचा 'नाम' आपण नकळत 'एतेर्नम' करून टाकतो. लॅटिनमध्ये तो अ नाहीच, आहे तो आ. आणि तुमचा आ ख्यालातला, म्हणजे रुंद, छातीतून उघडलेला. इथे जबडा सैल सोडून, जांभई येताना टाळू आतून जशी वर जाते तशी ठेवून, उभा आ हवा. फोन सहा फुटांवर ठेवा आणि 'आ' धरून रेकॉर्ड करा, आधी तुमच्या सवयीचा आणि मग असा. फरक ऐकलात की मला पुढे काही समजवावं लागणार नाही.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या : उच्चार चर्चमधल्या इटालियन वळणाचे आहेत की जर्मन? मोझार्ट व्हिएन्नाचा, म्हणून काही कंडक्टर जर्मन वळण धरतात. 'लूचेआत' या शब्दात इटालियन वळणाने 'चेहरा'तला च येतो आणि जर्मन वळणाने 'चोर'मधला. हे दोन च वेगळे आहेत हे कॉयरमधल्या बाकीच्यांना हातवारे करून सांगावं लागतं. आपण बालवाडीत जायच्या आधीपासून ते वेगळे म्हणतो.

शब्दांच्या शेवटच्या स चा वेगळा धाक बाळगा. 'दीएस', 'एइस' असे शब्द पदोपदी येतात. प्रत्येकीने आपापल्या मर्जीने स सोडला तर पन्नास कुकरच्या शिट्ट्या एकापाठोपाठ वाजतात. स नेमका कुठल्या ठोक्यावर टाकायचा हे कंडक्टर सांगतील, तिथे पेन्सिलने खूण करा. तुम्ही नवीन आहात, तेव्हा पहिले काही आठवडे शेवटचा स म्हणूच नका. इतरांचा पुरतो.

सा कुठे गेला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची खरी अडचण तीच असणार. तानपुरा नाही, आधार नाही, आणि दर पाच-सात मिनिटांनी जमीन सरकते. मी नव्या ख्यालवाल्यांना पेटीच्या भाषेत नकाशा काढून देते. सुरुवात डी मायनरमध्ये, म्हणजे सा पांढरी दोनला. कोमल गंधार, कोमल धैवत, आणि जागोजागी शुद्ध निषाद, म्हणजे तुमच्या कानाला किरवाणीची सावली. 'तूबा मीरूम' या भागाला सा काळी पाचवर जातो आणि गंधार शुद्ध होतो. 'रेक्स त्रेमेंदे' पांढरी पाच, 'रेकोर्दारे' पांढरी चार, 'कोन्फुतातीस' पांढरी सहा, 'लाक्रिमोजा'ला परत पांढरी दोन. मग 'दोमिने येसू' पांढरी पाच, 'होस्तियास' काळी दोन, 'सांक्तुस' पांढरी दोनच पण शुद्ध स्वरांचा, 'बेनेदिक्तुस' काळी पाच, आणि 'आन्युस देई'पासून घरी परत. प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर सा लिहून ठेवा. स्टाफ नोटेशनही शिका, अकरा आठवड्यांत कामापुरतं येतं. आल्टोची ओळ फार उड्या मारत नाही, रेघ वर गेली की सूर वर, एवढ्यावरही पुष्कळ निभावतं. पण पानावर सा लिहिलेला असेल तर भीती निम्मी होते. मात्र मनातला सा हा पाय टेकायला आहे, चिकटून बसायला नाही. एका भागाच्या पोटातही तो दहा वेळा हलतो.

हे सगळं झाल्यावर एक गंमत तुमच्या कानाला मिळणार आहे. 'कीरिए' या दुसऱ्या भागाचा शेवटचा मेळ, म्हणजे एकत्र लागणारे सूर, आणि तीच चाल परत येते म्हणून अख्ख्या रेक्विएमचाही शेवटचा मेळ, हा फक्त सा आणि प आहे. त्यात गंधार नाही, कोमलही नाही, शुद्धही नाही. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्यांना ती जागा उजाड वाटते. मला मात्र दर वेळी वाटतं की पन्नास मिनिटं दडवून ठेवलेला तानपुरा कुणीतरी शेवटी बाहेर काढला. त्या पंचमात पियानोच्या पट्टीची तडजोड नको, तो शुद्ध लावायचा. तिथे शेजारच्या आल्टोंनी तुमच्याकडे बघावं अशी तयारी करा. 'आवाज ऐकू येतोय' ही तक्रार तिथे कुणी करणार नाही.

बाकी ठिकाणी मात्र मींड विसरा. दोन सुरांमधली जागा भरायची सवय आपल्या रक्तात असते, आणि बाराजणी सरळ पायरी चढत असताना एकटी उतारावरून घसरत आली की ती ऐकू येतेच. 'कीरिए'मध्ये बेसने, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजाने, मुख्य विषय घेतला की लगेच दुसरा विषय घेऊन येणाऱ्या पहिल्या तुम्हीच, आल्टो : 'क्रिस्ते एलेइसोन'. (हे शब्द लॅटिन नव्हेत, ग्रीक आहेत.) त्यात जलद सुरांची माळ आहे. ती पाहून तुमचा गळा तान म्हणून धावेल. धावू देऊ नका. गमकाचा झोल आला की बाकीच्यांच्या सुरांशी तुमचे सूर कातरीसारखे घासतात. आधी निम्म्या लयीत, प्रत्येक सुराला अगदी हलका 'ह' लावून म्हणा आणि आठवडाभराने तो 'ह' काढून टाका.

लयीचंही असंच. ख्यालात आपण ठोक्याच्या किंचित मागे रेलतो, मुखडा घेऊन समेवर उतरतो, आणि ते देखणं दिसतं. इथे कंडक्टरचा हात खाली आला त्या क्षणी आवाज बाहेर असला पाहिजे, म्हणजे श्वास आधीच्या ठोक्यावर भरून झालेला हवा. ठेका तुमच्यासाठी वाजत राहणार नाही. गप्प राहायचे बारही, म्हणजे ठोक्यांचे ठरावीक गट, मोजायचे असतात, बोटांवर, फोल्डरच्या मागे. मी ते एकदा मोजले नाहीत. 'रेक्स त्रेमेंदे'त सुरुवातीला 'रेक्स!' अशी तीनदा हाक आहे आणि हाकांच्या मध्ये मोकळी जागा. शहरातल्या एका सभागृहात, भर कार्यक्रमात, दुसऱ्या मोकळ्या जागेत माझं एकटीचं 'रेक्स!' पडलं. राजाधिराजाला मी वेळेआधीच बोलावून घेतलं. त्यानंतर आजतागायत त्या पानावर माझी पेन्सिलीची तीन मोठी वर्तुळं असतात.

शिकण्याचा क्रम पहिल्या पानापासून ठेवू नका. मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी गेला तेव्हा ही कृती अर्धवट होती. काउंट वाल्सेग नावाच्या सरदाराने बायकोच्या स्मरणार्थ मध्यस्थामार्फत, नाव न सांगता, ती मागवली होती. निम्मे पैसे आधीच मिळालेले, तेव्हा मोझार्टच्या विधवेला ती कुणाकडून तरी पुरी करून घेणं भाग होतं. ते काम शिष्य झ्यूसमायर याने केलं, आणि शेवटच्या 'लुक्स एतेर्ना'ला त्याने पहिल्या भागाचं आणि 'कीरिए'चं संगीतच नवे शब्द घालून परत वापरलं. गुरूची कृती गुरूच्याच सुरांनी संपावी, ही त्याची समज मला आवडते. लोक त्याला उगाच नावं ठेवतात. तुमच्या दृष्टीने अर्थ असा की पहिले दोन भाग पक्के केलेत तर शेवट फुकटात येतो. तसंच 'क्वाम ओलिम आब्राहे' हे फ्यूग (एकच विषय एकेक आवाज पाठोपाठ उचलत जातो तो भाग) 'दोमिने येसू'च्या शेवटी आणि 'होस्तियास'च्या शेवटी, असं दोनदा येतं. 'ओसाना'ही दोनदा येतो, पण तिथे सावध राहा : पहिल्यांदा सा पांढरी दोनला, दुसऱ्यांदा काळी पाचला. पहिला पाठ करून दुसऱ्यात बेफिकीर राहिलेले पुष्कळ पाहिलेत.

म्हणून आधी 'कीरिए', मग 'क्वाम ओलिम', मग 'ओसाना'. फ्यूग आधी. सोपे, सगळे एकत्र चालतात ते भाग शेवटी ठेवलेत तरी चालेल. 'रेकोर्दारे' आणि 'तूबा मीरूम' एकल गायकांचे, तेव्हा तुम्हाला बसायला मिळेल. आणि प्रत कुठली ते विचारा. झ्यूसमायरखेरीज नंतरच्या अभ्यासकांनीही ही कृती आपापल्या परीने पुरी केली आहे. रॉबर्ट लेविन यांच्या आवृत्तीत 'लाक्रिमोजा'नंतर आमेनचं एक अख्खं फ्यूग येतं. कंडक्टरने एक प्रत धरली आणि तुम्ही फुकट मिळाली म्हणून दुसरी छापून आणली, तर तालमीत बारांचे आकडे जुळता जुळणार नाहीत.

सर्वांत धोक्याची जागा 'कोन्फुतातीस'चा शेवट, 'ओरो सुप्लेक्स'. त्याच्या आधी पुरुष नरकाच्या ज्वाळांवर गरजतात आणि तुम्ही सोप्रानोंबरोबर, म्हणजे वरच्या पट्टीच्या बायकांबरोबर, अगदी दबक्या आवाजात 'वोका मे' म्हणता, मला बोलाव. ते सुरेख जमतं, मुली खूश होतात, आणि तिथेच गाफील होतात. लगेच सगळ्यांचा मिळून जो हळू भाग येतो त्यात सा पांढरी सहावरून काळी चारवर, तिथून पांढरी पाचवर, असा पायरी-पायरीने खाली उतरत शेवटी पांढरी चारला टेकतो. प्रत्येक पायरीला वाटतं, आपण चुकलो. नाही चुकलात, मोझार्टने जिनाच तसा बांधलाय. इथे तानपुरा लावून रियाज केलात तर सत्यानाश होईल, कारण तानपुरा जिन्याच्या वरच्याच पायरीवर उभा राहील. पियानोचं कुठलंही ॲप घ्या, फक्त चारही आवाजांचे मेळ दाबून धरा आणि त्यात तुमचा सूर शोधा.

'लाक्रिमोजा'बद्दल एवढंच सांगते की त्याचे पहिले आठ बार मोझार्टच्या हातचे आहेत. मरणाच्या आदल्या दिवशी मित्र उशाशी जमले, या रेक्विएमचे भाग म्हणून पाहत होते आणि 'लाक्रिमोजा'शी आल्यावर मोझार्टला रडू कोसळलं, अशी आठवण पुढे त्याच्या एका मित्राच्या नावावर छापली गेली. त्या आठवणीत चारातला कुठला आवाज मोझार्ट स्वतः म्हणत होता? आल्टो. तुमचीच ओळ. हे कळल्यावर रडायला येईल तर ते तालमीत उरकून घ्या. रडणाऱ्या गळ्याला श्वास पुरत नाही.

श्वासाचं थोडक्यात. लांब वाक्यांत सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा नसतो, आळीपाळीने चोरायचा असतो, आणि तोही शब्द संपताना नाही तर स्वराच्या मधोमध. आवाज हळूच विरवून बाहेर पडा, दोन ठोके थांबा, हळूच परत या. शेजारणीशी ठरवून घ्या. आपल्याला एका दमात अख्खं आवर्तन भरण्याचा अभिमान असतो, तो इथे कामाचा नाही. आवाजाच्या पट्टीबद्दलही काळजी नको. काळी चारला सा लावून गाणाऱ्या बाईला आल्टोचे खालचे सूर घरचे असतात. वरचे सूर छातीतून रेटू नका, डोक्यात जाऊ द्या. बारीक लागतील. बाराजणींचे बारीक मिळून पुरेसे होतात.

आता ऑपेरा हाऊस. तुम्ही गिरगावच्या, बाहेरून हजारदा पाहिलंय, तरी रंगमंचावरून ते घर वेगळंच आहे. कलकत्त्याहून नाटकांचा व्यवसाय चालवणारे मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभं केलं. १९११ साली पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरतं संपलेलं नव्हतं, तेव्हा अर्ध्या तयारीने तिथे पाऊल टाकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. नाव ऑपेराचं, पण बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर हेही तिथे उभे राहिलेत. पुढे सिनेमा आला, १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांकडे गेलं, १९९३ मध्ये बंद पडलं. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६च्या ऑक्टोबरात ते परत उघडलं, तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. आज ५७५ खुर्च्या आहेत.

गाणाऱ्याला यातलं काय कामाचं? हे की ते नाटकाचं घर आहे, चर्च नव्हे. रेक्विएम मुळात चर्चच्या दगडी घुमटाखाली म्हणण्याची गोष्ट. तिथे सूर सोडला की तो छताशी जाऊन रेंगाळत खाली येतो, दोन शब्दांमधल्या फटी आपोआप बुजतात, चुकाही बुजतात. नाटकाचं घर शब्द ऐकू यावेत म्हणून बांधलेलं असतं. खुर्च्यांच्या गाद्या, पडदे, गॅलऱ्या, आणि माणसांनी भरलं की त्यांचे कपडे, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. तुम्ही सोडलेला सूर सेकंदभरात विझतो. म्हणून तिथे प्रत्येक सूर पूर्ण लांबीचा धरावा लागतो, व्यंजनं लख्ख म्हणावी लागतात, आणि एकाचा स उशिरा आला तर तो मागच्या गॅलरीपर्यंत पोचतो. तालीम चर्चच्या हॉलमध्ये होत असेल, तर तिथे छान लागलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, रंगमंचाच्या कमानीच्या मागे वर पडदे ओढायची उंच पोकळी असते. मागच्या रांगेतल्यांचा बराच आवाज त्या पोकळीत चढून जातो, प्रेक्षकांकडे येतच नाही. मागे उभी राहणारी मंडळी मग घाबरून ओरडतात. तुम्ही मागे असलात तर ओरडू नका. आवाज समोरच्या माणसाच्या डोक्यावरून गॅलरीच्या कठड्याकडे फेकल्यासारखा मनात धरा आणि शब्द ओठांच्या पुढे आणा. माईक बहुधा रेकॉर्डिंगपुरताच असतो. आणि पहिल्यांदा तिथे उभं राहिलात की शेजारणीचा आवाज अचानक येईनासा होतो, कारण हॉलमध्ये भिंत तो परत आणत होती आणि इथे मागे भिंतच नाही. इतके आठवडे तो ऐकायची सवय केली असेल तर कान त्याला शोधून काढतात. नसेल तर ती रंगीत तालीम फार वाईट जाते.

तुमच्या मदतीला एक माणूस मात्र असतो. मोझार्टने ऑर्केस्ट्रात बासरी, ओबो, हॉर्न ठेवलेच नाहीत. दोन बॅसेट हॉर्न (नाव हॉर्नचं, पण जात क्लॅरिनेटची; आपल्याकडे बहुधा त्या जागी क्लॅरिनेटच), दोन बासून, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, नगाऱ्यासारखी टिंपनी, तंतुवाद्यं आणि ऑर्गन, बस्स. त्या तीन ट्रॉम्बोनपैकी वरचा बऱ्याच भागांत तुमचीच, आल्टोची ओळ वाजवतो, दुसरा टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची, तिसरा बेसची. सोप्रानोंना ही सोय नाही. तो वाजवणारा कुठे बसलाय ते रंगीत तालमीत बघून ठेवा, आणि हरवलात तर कान त्याच्याकडे लावा. ओबो नसल्यामुळे सूर जुळवायचा ए, म्हणजे तुमची पांढरी सहा, बहुधा ऑर्गनवरून घेतात. तो वाजला की लगेच मनात पंचम म्हणून धरा. त्यावरून पांढरी दोनचा सा काढणं तुम्हाला क्षणाचं काम.

बाय द वे, ऑपेरा हाऊसच्या त्याच परिसरात प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये सुरू केलेलं संगीत विद्यालय होतं, जिथे कुमार गंधर्व शिकले. देवधर मास्तरांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता. तुम्ही जे करताय ते त्या गल्लीला नवीन नाही.

राहता राहिल्या सासूबाई. मी वसईची, ख्रिस्ती घरातली. माझ्या आजीला 'दीएस ईरे' अख्खं पाठ होतं, एका शब्दाचा अर्थ न कळता, कारण तिच्या काळी मयताची मिस्सा लॅटिनमध्येच असे. पुढे मिस्सा मराठीत आली, 'दीएस ईरे' अंत्यविधीतून गेलं. आजी कणिक मळताना ते गुणगुणायची आणि माझी आई तिला नेमकं तुमच्या सासूबाईंसारखंच म्हणायची, की भरल्या घरात हे नको. तेव्हा हा फक्त हिंदू घरातला प्रश्न समजू नका.

त्यांच्याशी वाद घालू नका. पहिल्या ओळीचा अर्थ सांगा : प्रभो, त्यांना चिरविश्रांती दे, अखंड प्रकाश त्यांच्यावर उजळू दे. मृतात्म्यास शांती लाभो, हे आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो त्याच्यापेक्षा यात काही निराळं नाही. दहाव्या-तेराव्याला भजन असतं, ते जसं गेलेल्यांसाठी असतं तसंच हे. मग मधल्या 'दीएस ईरे'त, त्या कोपाच्या दिवसाच्या वर्णनात, आग, राख, तुतारी, हिशेबाची वही सगळं आहे. ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगायची गरज नाही. आणि तरीही पटलं नाही, तर घरात शब्द नका म्हणू, नुसत्या 'नू' वर ओळ म्हणा. तालमीच्या दृष्टीने ते अधिक चांगलं. स्वराचा उभा आकार त्याने आपोआप लागतो.

शेवटच्या दिवसाचं काही. नव्या चपला घालू नका. तासभर उभं राहताना गुडघे ताठ ठेवू नका, माणसं खरंच चक्कर येऊन पडतात. काळी साडी असेल तर सुती किंवा क्रेपची, कडक रेशीम सळसळतं आणि त्या घरात तेही ऐकू जातं. बांगड्या काढा. अत्तर, परफ्यूम, गजरा नको. पन्नास माणसं दाटीने उभी असतात आणि एखादीला वासाने ढास लागली की 'वोका मे'ची वाट लागते. पेन्सिल रंगमंचावरही जवळ असू द्या. सुरुवातीला वाद्यांचे सात बार आहेत, मग बेस, मग टेनर, मग तुम्ही. तुमची पाळी येईपर्यंत टेनरांचं 'रेक्विएम' ऐका, तुमचा सूर त्यातूनच मिळतो.

घरच्यांना रंगीत तालमीला बसू देतात का, ते विचारून ठेवा. पुष्कळ कॉयर बसू देतात. सासूबाईंना त्या दिवशी घेऊन या. कार्यक्रमाच्या गर्दीपेक्षा ते बरं, आणि चर्नी रोड स्टेशनापासून फार चालावंही लागत नाही. गजरा त्यांना माळू दे. त्या मागे गॅलरीत बसतील, तिथून आल्टोंना काही त्रास नाही.